खास तयारी करू नये

कारखान्यात त्याला सगळे ताडपत्रीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं साहेब. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याचं मुख्य काम असं, की बाहेरून तपासणी येणार असली की कारखाना बघण्याजोगा करून ठेवायचा. आगीच्या बादल्यांना लाल रंग, जिन्याच्या कठड्याला पिवळा, जे यंत्र गळतं त्याच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर पाटी, 'देखभाल चालू आहे'. जो कामगार खरं बोलतो त्याला त्या दिवशी भरपगारी रजा. तपासनीस यायचा, चहा प्यायचा, 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा मारून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली की यंत्र पूर्वीच्याच उत्साहाने गळायला लागायचं. इतक्या वर्षांत कारखान्याचा एकही दोष कागदावर आला नव्हता. दोष भरपूर होते. पण जे कागदावर नाही ते नाहीच, अशी त्याची श्रद्धा होती, आणि या श्रद्धेवर त्याला दोनदा बढती मिळाली होती.

अशा माणसाच्या हातात शाळेचं पत्र पडलं, यात शाळेचा काहीच दोष नव्हता.

पत्र त्याच्या मुलीबद्दल होतं. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी. बोलण्यात कोणाला हार जाणार नाही, ऐकलेलं जन्मात विसरणार नाही, पण पुस्तक पुढे धरलं की अक्षरं तिच्यासमोर तिच्यासारखीच वागत. एका जागी बसत नसत. 'कमळ' वाचायला घेतलं की क जागेवर, म पळालेला आणि ळ कुठे गेला ते देव जाणे. ती आळशी नव्हती, ढ तर मुळीच नव्हती, आणि हे शाळेच्या गळी उतरवायला तिच्या आईला अख्खं वर्ष लागलं होतं. तिची आई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या म्हणजे चिकाटी लागतेच. तीच चिकाटी तिने मुख्याध्यापिकांवर चालवली आणि शेवटी बैठक लावून घेतली. बैठकीत ठरणार होतं ते इतकंच, की भिंगरीला रोज एक तास विशेष शिक्षिका मिळेल की नाही. जागा मोजक्या होत्या, अर्ज पुष्कळ होते, आणि या वर्षी नाही मिळाली तर पुढच्या वर्षी चौथी. चौथीत फळ्यावर लिहिलेलं कोणी वाचून दाखवत नाही.

'हे बघा,' बायको म्हणाली, 'या आठवड्यात माझी संध्याकाळची पाळी आहे. तुम्ही फक्त हॉस्पिटलचं प्रमाणपत्र आणा, त्याच्या दोन प्रती काढा, आणि गुरुवारी तिला वेळेवर घेऊन या. मी परस्पर येते. एवढंच करा.'

तो दुखावला तो 'एवढंच' या शब्दाने. ज्याने परदेशी तपासनिसांना ताडपत्रीच्या दोन हात अंतरावरून हसतखेळत नेलं, त्याला प्रती काढायला सांगावं!

पत्राबरोबर एक घडी घातलेला कागद होता. त्यावर 'अस्वलाची टोपी' नावाची तीन परिच्छेदांची गोष्ट छापलेली होती आणि खाली विशेष शिक्षिकेने लिहिलं होतं: 'बैठकीत मुलीला हा उतारा वाचायला देऊ. तिने घाबरू नये म्हणून फक्त दाखवून ठेवा. खास तयारी करू नये.'

ते शेवटचं वाक्य वाचून त्याला अगदी घरच्यासारखं वाटलं. प्रत्येक तपासणीच्या पत्राच्या तळाशी हेच वाक्य असतं. आणि ते वाचून जो खरोखर खास तयारी करत नाही, त्याची दुसऱ्या आठवड्यात भांडारात बदली होते.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर फाइलकाका राहत. कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या काखेत एक फाइल कायम असे. आत काय असे ते कोणी पाहिलेलं नव्हतं. ते चपला काढता काढताच बोलायला लागले.

'बैठकीत माणूस बघत नाहीत, फाइल बघतात. फाइल जाड हवी. लसीकरणाचं कार्ड लावा, विजेचं बिल लावा, तुमचं दहावीचं गुणपत्रक लावा.'

'माझं कशाला?'

'वडील हुशार होते हे दिसायला नको?'

'होते' या शब्दावर तो जरा थबकला, पण गुणपत्रक लावलं. गणितातला आकडा फारसा बोलका नव्हता, तिथे त्याने कोपरा दुमडून टाचणी मारली.

समोरच्या काकू शिवणकाम करत आणि बोलताना तोंडात टाचण्या धरत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सल्ला दातांतून यायचा. 'केस विंचरू नका तिचे,' त्या म्हणाल्या. 'फ्रॉक जुना घाला. दीनवाणी दिसली पाहिजे. माझ्या भाचीच्या मुलाला चांगले कपडे घालून नेलं, तर साहेब म्हणाले, याला काय धाड भरलीय?' जाताना मात्र दारात थांबून, तोंडातल्या टाचण्या हातात घेऊन त्यांनी अगदी उलट सल्ला दिला. 'आणि तरी एक सांगते, मुलीच्या नावाने कागदावर काही येऊ देऊ नका. एकदा आलं की जन्माचं चिकटतं.'

पहिला सल्ला त्याने सोडून दिला. दुसरा मात्र थेट काळजाला भिडला, कारण तो कारखान्यातलाच होता.

आता प्रमाणपत्र. हॉस्पिटलात ते तयार होतं. फक्त रुग्णाच्या नावाच्या जागी त्याचं स्वतःचं नाव होतं आणि वयाच्या जागी त्याचंच वय. म्हणजे एक्केचाळीस वर्षांच्या या गृहस्थांना अक्षरं ओळखायला त्रास होतो, यांना वर्गात पहिल्या बाकावर बसवावं, असं तज्ज्ञांचं स्पष्ट मत होतं. तो दुरुस्तीच्या खिडकीशी गेला. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

'यात दोन चुका आहेत,' कारकून म्हणाला. 'एका अर्जात एकच दुरुस्ती होते.'

'मग दोन अर्ज देतो.'

'पहिला निकाली निघाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही.'

'बरं, मग आधी नाव दुरुस्त करा.'

'नावाला रुग्णाचं ओळखपत्र लागतं.'

'हे घ्या, मुलीचं आणलंय.'

'रुग्ण तुम्ही आहात,' कारकून शांतपणे म्हणाला. 'कागदावर तुमचं नाव आहे. मुलीचा इथे काय संबंध?'

कागदावर जे आहे तेच आहे, हे तत्त्व इतक्या शुद्ध स्वरूपात त्याच्यावर याआधी कोणी चालवलं नव्हतं. नावाचा नाद सोडून त्याने वयाचा अर्ज भरला. शेवटी वय तेवढं दुरुस्त झालं. आता प्रमाणपत्राप्रमाणे नाव त्याचं होतं आणि वय आठ.

'मी आठ वर्षांचा दिसतो का?' त्याने विचारलं.

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. 'दिसण्याचा रकाना आमच्याकडे नाही,' तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

या अपमानानंतर त्याने सगळी भिस्त तयारीवर ठेवली. रोज संध्याकाळी बायको कामावर गेली की जेवणाच्या टेबलावर भिंगरीला बसवून तो उतारा घ्यायचा. 'आईला सांगायचं नाही हं. आईची गंमत करायचीय,' असं बजावलं की भिंगरी खूश. गुपित तिला खाऊपेक्षा प्रिय होतं.

वाचून घेणं अर्थातच शक्य नव्हतं. मग तो वाचायचा आणि ती ऐकायची. आता त्याच्या वाचण्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. भिंगरीला झोपताना गोष्ट वाचून दाखवायची जबाबदारी त्याच्याकडे होती, आणि कारखान्यातून दमून आलेला माणूस गोष्टीची पानं गाळतो, हे जगात सगळीकडे होत असणार. राजपुत्र डोंगर चढायला लागला की दुसऱ्या वाक्यात त्याचं लग्न. भिंगरीला वाचता येत नसलं तरी पुस्तकाची जाडी कळत होती. 'बाबा, तू पानं खातोस,' ती म्हणायची. 'वाचायला यायला लागलं ना, की मी बघणार आहे कुठली कुठली खाल्लीस ते.' यावर तो दिवा मालवायचा.

तर 'अस्वलाची टोपी'. पहिला परिच्छेद सोपा होता. अस्वलाच्या कानांना थंडी वाजते, ते दुकानात जाऊन लाल लोकरीची टोपी घेतं. तिसराही सोपा. अस्वल बोडक्या डोक्याने पण आनंदात नाचत घरी जातं. मधला मात्र लांबलचक होता आणि नुसत्या नजरेलाच त्यात जोडाक्षरांची दाटी दिसत होती. त्याने तो वाचलासुद्धा नाही. तपासनीस सुरुवात बघतो आणि शेवट बघतो, मधे चहा येतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. मधल्या परिच्छेदावर त्याने मनातल्या मनात ताडपत्री टाकली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला सगळं तोंडपाठ झालं. मग त्याने तिला ओळीखालून बोट फिरवायला शिकवलं, अधेमधे अडखळायलाही शिकवलं, म्हणजे वाचण्यासारखं वाटेल. फक्त तिचं एक शंकेखोर टुमणं चालू होतं.

'बाबा, टोपी घेतली ना त्याने? मग बोडक्या डोक्याने घरी कसं गेलं?'

'विसरलं असेल दुकानात.'

'मग आनंदात कशाला नाचेल? रडेल ना.'

'अस्वलांचं काही सांगता येत नाही. चल, पुन्हा पहिल्यापासून.'

गुरुवारी तो तिला घेऊन शाळेत गेला. केस विंचरलेले, फ्रॉक इस्त्रीचा, काखेत फाइलकाकांनी संमत केलेली जाडजूड फाइल. बायको प्रयोगशाळेतून धावतपळत आली होती, बाहीला कापसाचा बोळा अडकलेला. तिने भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, 'घाबरू नको. येईल तेवढंच वाच. नाही आलं तरी चालेल.' भिंगरीने बाबांकडे बघून डोळा मारला. बायकोने तो पाहिला आणि तिच्या कपाळावर एक आठी आली.

खोलीत लांब टेबलापलीकडे मुख्याध्यापिका होत्या, विशेष शिक्षिका होती आणि शिक्षण खात्याकडून आलेले एक अधिकारी होते. अधिकाऱ्यांनी जाड फाइल उघडली, विजेचं बिल पाहिलं, दहावीच्या गुणपत्रकावरची टाचणी काढून आकडा पाहिला, टाचणी पुन्हा लावली आणि प्रमाणपत्र हातात घेतलं.

'यात हे नाव कोणाचं?'

'माझं.'

'आणि वय आठ?'

'ते दुरुस्त केलंय,' तो म्हणाला. 'नावाचा अर्ज वयाचा अर्ज निकाली निघाल्यावर.'

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलेलं दिसलं. 'बरं, बाळ, वाच बघू.'

भिंगरीने कागद पुढे घेतला, बोट ठेवलं आणि सुरू झाली. काय वाचलं तिने! ठरलेल्या ठिकाणी अडखळली, ठरलेल्या ठिकाणी श्वास घेतला. पहिला परिच्छेद संपायला आणि चहा यायला एकच गाठ पडली. अधिकारी साखर ढवळत असताना अस्वल बोडक्या डोक्याने नाचत घरी पोहोचलंसुद्धा.

'उत्तम,' अधिकारी म्हणाले. 'हिला काय झालंय? माझा पुतण्या चौथीत आहे, त्याला इतकं येत नाही.' आणि त्यांनी फाइल मिटली.

त्याची छाती फुगली. सवयीने फुगली, 'समाधानकारक' शेरा मिळाला की ती आपोआप फुगत असे. त्याच आनंदात त्याने बायकोकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर त्याला सवय होती. ती मिटलेल्या फाइलीकडे बघत होती, वर्षभर चढलेला जिना कोणी खालून काढून घ्यावा तशी. आणि भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आईची गंमत झाली होती आणि आई हसत नव्हती.

तेव्हा कुठे त्याला कळलं. कळायला इतका वेळ लागला याची त्याला मनापासून लाज वाटली. गळणारं यंत्र दुरुस्त करायला माणूस आला होता, वर्षभर विनवण्या केल्यावर आला होता, आणि याने यंत्रावर ताडपत्री टाकून त्याला चहा पाजला होता.

'साहेब,' तो म्हणाला, 'तिला वाचता येत नाही.'

'मी आत्ता ऐकलं की.'

'ते पाठ आहे.'

'कोणी पाठ करून घेतलं?'

कारखान्यात अशा प्रश्नाला तो भांडारातल्या कुठल्यातरी हेल्परचं नाव पुढे करायचा, इथे ती सोय नव्हती. 'मी,' तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. 'हे बघा, परीक्षेत सवलत मिळावी म्हणून पालक काय काय सांगतात ते आम्ही रोज ऐकतो. मूल डोळ्यांदेखत वाचतंय आणि बाप म्हणतोय वाचता येत नाही. मी कागदावर काय लिहू?'

आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःहून दोष दाखवत होता, आणि तपासनीस तो बघायला तयार नव्हता. इतक्या वर्षांच्या कामाचं फळ असं एकदम पदरात पडलं.

इतका वेळ गप्प बसलेली विशेष शिक्षिका उठून भिंगरीजवळ आली आणि तिने कागदाच्या मध्यावर बोट ठेवलं. 'हा परिच्छेद राहिला ना गं?'

भिंगरीने वाकून पाहिलं. 'इथे पण गोष्ट आहे?'

'आहे तर.'

भिंगरी सावकाश वळली आणि तिने बाबांकडे पाहिलं. असं त्याच्याकडे कारखान्याच्या मालकानेही कधी पाहिलं नव्हतं. 'बाबा,' ती म्हणाली, 'तू हे पण खाल्लंस?' मग अधिकाऱ्यांना समजावून सांगावं तसं म्हणाली, 'हा नेहमी खातो. म्हणून मला कळतच नव्हतं टोपीचं काय झालं.'

'मग तूच वाचून बघतेस?' शिक्षिकेने विचारलं.

तिने बोट ठेवलं. या वेळी ते शिकवल्यासारखं फिरलं नाही. एका जागी रुतून बसलं. 'दु...' ती म्हणाली. बराच वेळ गेला. 'दुका... न. दुकान...' पुढचं अक्षर पळालं, तिने ते परत आणलं, तोवर आधीचं गेलं. तिच्या नाकावर घाम आला. 'दार,' त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. बायकोने टेबलाखाली त्याचं मनगट धरलं, शीर शोधताना धरतात तसं घट्ट. अधिकारी खुर्चीत पुढे झुकले होते. चहावर साय धरली होती. 'दुकानदार,' भिंगरी म्हणाली, आणि थकून मान टेबलावर टेकली. 'अजून खूप आहे का?'

'आहे. पण आज पुरे,' शिक्षिका म्हणाली. तिने कागदाची घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली. 'उरलेलं आपल्या तासाला.'

'आपल्या' या शब्दावर तिने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला, फाइल पुन्हा उघडली आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मधेच थांबून विचारलं, 'मग टोपीचं झालं काय?'

'ते तीच सांगेल,' शिक्षिका म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात बायको एवढंच म्हणाली, 'रक्त तपासायला देताना कोणी आधी धुऊन आणतं का हो?' थोडं पुढे गेल्यावर ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, आणि दोन्हीसाठी तोच कापसाचा बोळा वापरला.

मंजुरीचा आदेश आला तो अर्थातच त्याच्या नावाने. आदेश प्रमाणपत्राप्रमाणे निघतो. ज्याचं नाव आदेशात, त्याची हजेरी लागल्याशिवाय तास धरला जात नाही. मुख्याध्यापिकांनी हात टेकले, फाइलकाकांनी आणखी जाड फाइल सुचवली, काकू म्हणाल्या, 'बघा, मुलीच्या नावाने काही आलं नाही.' विशेष शिक्षिकेनेच मार्ग काढला. 'नावाची दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही या. हजेरी तुमची, तास तिचा.'

त्यामुळे कारखान्यातून रोज तासाभराची सवलत मागून ताडपत्रीसाहेब शाळेत जाऊन बसू लागले. खुर्ची तिसरीच्या मापाची, गुडघे कानांशी. मालकाला कारण काय सांगितलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. शिक्षिका अक्षरं वाळूत काढायला लावायची, हवेत काढायला लावायची, टाळ्या वाजवून शब्द फोडायला लावायची, आणि त्यालाही सोडायची नाही. दुरुस्तीच्या खिडकीवर तो जातच होता, पण तक्रार करायचं हळूहळू त्याच्याकडून राहून जाऊ लागलं.

एका सकाळी शिक्षिकेने पिशवीतून तो घडीचा कागद काढून भिंगरीपुढे ठेवला. त्याच्या लक्षात आलं, की पुढे काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. आठवडाभर कागद घरात होता तेव्हा वाचला नव्हता, आणि इथून उलटा काही दिसत नव्हता. त्याला थांबणंच भाग होतं.

'दु-का-न-दा-र,' भिंगरीने टाळ्या वाजवल्या. 'थं... थंडीने. कु. कुड...' बोट सरकत होतं, थांबत होतं, मागे जाऊन पुन्हा येत होतं. एका ओळीला कारखान्यातला अख्खा चहा पिऊन झाला असता. मग एकाएकी ती थबकली, कागदावर आणखी वाकली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि खुदकन हसली.

'काय झालं?' त्याने विचारलं.

ती मान वर न करता पुढच्या शब्दावर गेली.

'अगं, टोपीचं काय झालं? सांग ना.'

'थांब बाबा,' भिंगरी म्हणाली. 'मधलं गाळून कसं चालेल?'